सोबत आलेली अक्षरे

साताऱ्यात मराठी शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी नवा संगणक घेतला आणि दोनच दिवसांनी दूरध्वनीवर जरा धास्तावल्या स्वरात विचारले, "सर, वर्डपॅड आता विकत घ्यावे लागते का हो? इथे ते दिसतच नाही." गेली वीस वर्षे त्यांनी परीक्षणे, वर्गातली टिपणे, प्रश्नपत्रिका आणि झालेच तर दोन पुस्तकांची हस्तलिखिते (हा शब्द आता खोटाच, पण दुसरा सुचत नाही) या एकाच साध्या पाटीवर लिहिली. ती पाटी त्यांनी कधी विकत घेतली नव्हती. ती संगणकात होतीच, जशी नव्या घराला खिडकी असते तशी.

झाले होते ते असे. वर्डपॅड १९९५ च्या विंडोजबरोबर आले. त्याआधी दहा वर्षे 'राइट' नावाचे त्याचे थोरले भावंड तेच काम करीत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद करणार असल्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकले. सोबत सल्ला दिला: साधा मजकूर असेल तर नोटपॅड वापरा, सजवलेला असेल तर वर्ड. वर्डला पैसे पडतात. म्हणजे काटेकोर बोलायचे तर फुकटची वस्तू विकाऊ झाली नव्हती. घरमालकाने ओसरी पाडली होती आणि बसायला जागा हवी असेल तर शेजारच्या खानावळीकडे बोट दाखवले होते. बसणाऱ्याच्या दृष्टीने फरक फारसा नाही. म्हणून स्नेह्यांच्या प्रश्नाला आम्ही हसलो नाही.

मंडईत भाजी घेतली की वर कढीपत्त्याच्या दोन काड्या मिळतात. त्या मागाव्या लागतात, पण त्यांचे पैसे विचारायचे नसतात. हा व्यवहाराचा एक जुना शिष्टाचार आहे. ज्या दिवशी भाजीवाली म्हणते, "आता कढीपत्त्याचे वेगळे पडतील," त्या दिवशी आपल्याला चार रुपयांचे दुःख होत नाही. जी गोष्ट आपण नात्यातली समजत होतो ती हिशेबातली निघाली, याचे होते. अर्थात भाजीवालीच्या हिशेबात ती पहिल्यापासूनच होती. संगणकाबरोबर 'सोबत' आलेल्या प्रणालींचा इतिहास हा या दोन हिशेबांमधल्या अंतराचा इतिहास आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे.

यंत्राबरोबर प्रणाली फुकट, हा मुळात नियमच होता. १९५० आणि १९६० च्या दशकांत आयबीएम कंपनी आपली अवाढव्य यंत्रे भाड्याने देई, आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली, त्या शिकवणारी माणसे, दुरुस्ती, हे सारे त्या भाड्यातच येई. आज्ञावली ही विकायची वस्तू आहे असे फार थोड्यांना वाटत होते. यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाचे मंडळ काढले होते आणि तिथे एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला देणे ही नेहमीची बाब होती. १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले की यापुढे यंत्राची किंमत वेगळी आणि आज्ञावलींची, प्रशिक्षणाची व सेवेची वेगळी. पहिल्या खेपेला १७ आज्ञावली विक्रीस काढल्या. यंत्रांच्या किमतीत कपात केली ती मात्र ३ टक्क्यांची. ग्राहकांनी लगेच बोटे मोडली: आजवर जे सोबत मिळत होते त्याचे मोल कंपनीच्या लेखी अवघे ३ टक्के होते काय? आणि तसे असेल, तर आता सुटे घ्यायला गेल्यावर ते एवढे महाग का? हा प्रश्न गेल्या अर्ध्या शतकात कुठल्याही फुकट प्रणालीला किंमत लागली की नव्याने विचारला जातो. तो वाजवीही आहे. पण त्या जूनच्या निर्णयामुळेच आज्ञावली लिहून तेवढ्याच विकणाऱ्यांना बाजारात पाय ठेवायला जागा मिळाली, हेही विसरता येत नाही. फुकट वस्तूशी स्पर्धा कोण करणार?

इथे आम्ही अमेरिका सोडून सांगलीत येतो. ही उडी वाटते तितकी लांब नाही.

१८४२ साली उत्तर कानडा भागातली भागवत मंडळींची एक नाटकमंडळी सांगलीत आली. यक्षगानाच्या वळणाचे त्यांचे खेळ संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि असे काही आपल्या भाषेत, जरा नेटके करून, व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. ते काम त्यांनी दरबारच्या चाकरीतल्या घराण्यातला एक हरहुन्नरी तरुण, विष्णुदास भावे, याच्यावर सोपवले. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. ५ नोव्हेंबर हा दिवस आपण आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो तो त्यामुळेच. विद्यार्थ्यांना हा इतिहास पाठ असतो. त्यांना सहसा विचारला न जाणारा प्रश्न असा, की त्या खेळाचे पैसे कुणी दिले?

उत्तर सोपे आहे: दरबाराने. कपडे, मुकुट, दिवे, नटांचा शिधा, सारे राजाच्या कोठीतून. पाहणाऱ्याला काही पडले नाही. नाटक संस्थानाच्या 'सोबत' येत होते. पण त्याच कारणाने पाहणाऱ्याचा त्यावर काही हक्कही नव्हता. ज्याला बोलावणे आले तो गेला, आणि कुठे बसायचे ते त्याच्या पायरीवरून ठरले. राजाची मर्जी हीच त्या रंगभूमीची सगळी अर्थव्यवस्था होती. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि ती अर्थव्यवस्था त्यांच्याबरोबर संपली. भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ तिकीट लावून झाले आणि त्यांच्या जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रात आल्या. दहा वर्षांत मराठी नाटक दरबारच्या कोठीतून तिकिटाच्या खिडकीवर आले.

आपल्या नाट्येतिहासांत ही घटना बहुधा दोन सुरांत सांगितली जाते. एका सुरात राजाश्रय तुटल्याची हळहळ असते, दुसऱ्यात 'लोकाश्रय' मिळाल्याचा अभिमान. आम्हांला दोन्ही सूर अपुरे वाटतात. तिकिटाने एक गोष्ट नक्की केली: ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला, तो दरबारी असो नसो, आत येण्याचा आणि खेळ आवडला नाही तर तसे बोलण्याचा अधिकार मिळाला. फुकट्या पाहुण्याला असे बोलता येत नाही. ज्याच्या खिशात पैसे नव्हते तो मात्र बाहेरच राहिला, हेही खरे. आणि त्याच्यासाठी पुढे तमाशा, कीर्तन, दशावतार होतेच, असे म्हणून आपण स्वतःचे समाधान करून घेतो.

पण भाव्यांच्या गोष्टीत याहून महत्त्वाचे काहीतरी आहे. खेळाला किंमत लागली तरी खेळाची रीत मोकळी राहिली. आरंभी सूत्रधाराचे गायन, गणपतीचे आणि सरस्वतीचे येणे, विदूषकाचे मध्ये मध्ये लुडबुडणे, राक्षसांचा आरडाओरडा, कथा पद्यांतून सूत्रधाराने सांगायची आणि नटांनी आयत्या वेळी बोलायचे: ही सारी घडण पाहून उचलता येण्याजोगी होती, आणि ती उचलली गेली. अळतेकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या थोड्याच वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, कुणाकडून किल्ली घ्यावी लागली नाही. दरबार गेला, भाव्यांनी स्वतः १८६० नंतर लवकरच हा व्यवसाय सोडला, तरी नाटक थांबले नाही. त्यांची पदे 'नाट्यकविता संग्रह' म्हणून १८८५ मध्ये छापून आली तोवर त्या पद्धतीचे खेळ महाराष्ट्राने भरपूर पाहिले होते. आश्रयदाता बदलला, दर बदलला. रीत कुणाच्या कुलुपात नव्हती, म्हणून ती टिकली.

याच टापूतले दुसरे उदाहरण ओझरतेच सांगतो. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. (औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले, त्यामुळे एका संस्थानाची कथा आता दोन जिल्ह्यांत सांगावी लागते.) तिथे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. ते कारखान्याचे गृहपत्र होते. नांगर आणि चरक यांच्या सावलीत जन्मलेले. पुढे त्याचे नुसते 'किर्लोस्कर' झाले, आणि 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) यांच्यासह ते मराठी मध्यमवर्गाने वर्गणी भरून घ्यायचे मासिक बनले. मालाची माहिती देण्यासाठी निघालेली वस्तू स्वतःच माल झाली, आणि त्यात वाचकाचे नुकसान झाले असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. ते नांगराबरोबरचे पत्रकच राहिले असते, तर साहित्याच्या इतिहासात त्याला ओळही मिळाली नसती.

एवढे सांगून झाल्यावर आमच्या स्वतःच्या गोष्टीकडे वळणे भाग आहे, कारण ती या दोन्हींहून वेगळी निघाली.

२००३ साली आम्ही शिवाजी विद्यापीठाला एम. फिल.चा प्रबंध सादर केला. विषय होता भावेकालीन पौराणिक नाटकांतील सूत्रधार. टंकलेखन सांगलीतल्या एका डीटीपीच्या दुकानात झाले, पानाला बारा रुपये दराने, दुरुस्तीचे वेगळे. त्या काळी सांगलीत काय, साताऱ्यात काय, अशी दुकाने गल्लोगल्ली होती: काचेचे दार, आत दोन जुळवलेले संगणक, त्यांवर प्लास्टिकची आच्छादने, कोपऱ्यात लग्नपत्रिकांचे नमुने. संगणक जुळवून देणारा माणूस त्यात मराठी टंकही 'टाकून' देई. सोबत. दुकानदार अभिमानाने सांगे, "साठ प्रकारची अक्षरे आहेत, सर." ती कुठून आली हे कुणी विचारत नसे.

इथे थोडे खरे बोलायला हवे. त्या फुकटातले बरेचसे फुकट नव्हतेच. ते कुणीतरी विकत घेतलेल्या संचाची प्रत होते. मराठी टंकांचे अधिकृत संच महाग असत, त्यांच्याबरोबर संगणकाच्या मागे खोचायचे एक कुलूप येई, आणि ते कुलूप नसेल तर अक्षरे उमटत नसत. ज्यांनी कुलूप फोडले त्यांनी आपल्याला फुकट दिले. तेव्हा 'आता याचे पैसे पडतील' या भीतीत पुष्कळदा 'आता आपण सापडू' ही भीती मिसळलेली होती. उघडपणे विनामूल्य वाटलेले 'शुषा', 'किरण' यांसारखे टंकही होते आणि त्यांच्या कर्त्यांचे उपकार आमच्या पिढीने मानले पाहिजेत. पण दुकानातल्या साठ अक्षरांपैकी तशी किती होती, हे विचारून वातावरण बिघडवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांनी प्रबंधाचे पुस्तक करावे असे ठरले आणि आम्ही तबकडी घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो. संगणक नवे होते. टंकांच्या संचाची नवी आवृत्ती आली होती, ती कुलपाशिवाय चालत नव्हती, आणि दुकानदाराने ती घेतली नव्हती. त्याने धारिका उघडून दाखवली. पडद्यावर आमचा सूत्रधार रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि उलटी उद्गारचिन्हे यांच्या झुंडीत हरवला होता. "मजकूर आहे, सर," दुकानदार म्हणाला, "फक्त दिसत नाही." इतके अचूक वाक्य आम्ही साहित्यसमीक्षेतही फार वाचलेले नाही.

कारण समजायला आम्हांला पुढे बरेच दिवस लागले. त्या टंकांत 'क' हा 'क' नव्हता. संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह होते आणि टंकाने त्याच्यावर 'क'चे चित्र चढवले होते. प्रत्येक कंपनीने चित्रे वेगवेगळ्या जागी चढवली होती. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक मांडणी असावी म्हणून 'इस्की' हे प्रमाण १९८८ मध्ये आखले गेले होते, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते स्वीकारले, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी त्या १९८८ च्या मांडणीवर बेतली होती. पुण्यात सी-डॅकमध्ये या विषयावर मोठे काम चालले होते. म्हणजे आमचा प्रबंध टंकला गेला तेव्हा 'क'ला जगमान्य क्रमांक मिळून बारा वर्षे झाली होती. पण तो क्रमांक सांगलीच्या त्या गल्लीत पोचला नव्हता. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड टंक आला होता खरा. एक्सपीवर तो नीट चालवायचा तर भाषांच्या पटलात जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ तबकडी मागे. जुळवलेल्या संगणकाला मूळ तबकडी कुठली?

तर सोबत आलेल्या वस्तूला किंमत लागली, एवढ्याने आमचे नुकसान झाले नव्हते. दुकानदाराकडे पैसे असते आणि त्याने नवा संच घेतला असता, तर सूत्रधार कदाचित पुन्हा दिसला असता. नुकसान झाले ते लिहिलेले आणि लिहिण्याचे साधन यांची गाठ अशी बांधली गेली होती म्हणून, की एकाला कुलूप लागताच दुसरेही कोंडले गेले. इचलकरंजीकरांना भाव्यांची रीत उचलण्यासाठी भाव्यांचे मुकुट विकत घ्यावे लागले नव्हते.

पुढे जे आले ते पुन्हा कानडी मुलखातून आले, आणि हा योगायोग आम्हांला फार आवडतो. शेषाद्रिवासु यांनी १९९८ मध्ये कन्नड लिहिण्यासाठी 'बरह' काढले. बरह म्हणजे लेखन. लवकरच त्यात देवनागरी आली. रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे अक्षरे दाबावीत आणि समोर मराठी उमटावे, ही सोय ज्यांनी टंकलेखनाचा वर्ग कधी केला नाही अशा मराठी प्राध्यापकांना देणगीसारखी वाटली. सुरुवातीला त्याचेही स्वतःचे टंक आणि स्वतःची धारिका होती. पुढे ते थेट युनिकोडमध्ये लिहू देऊ लागले. अमेरिकेतले मराठी अभियंते, मिरजेतले शिक्षक, जतसारख्या कानडी-मराठी एकत्र नांदणाऱ्या तालुक्यातली मुले, सगळ्यांनी ते उतरवून घेतले. महाजालावरच्या मराठी लेखनाच्या पहिल्या बहरात बरहचा वाटा मोठा आहे, आणि वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची नोंद छापखान्याच्या नोंदीइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

बरह कित्येक वर्षे विनामूल्य होते. मग नव्या आवृत्त्यांना किंमत लागली. तेव्हाची मराठी मंडळींची घालमेल आम्हांला चांगली आठवते. कुणी म्हणाले, हे होणारच होते. कुणी म्हणाले, सवय लावून मग पैसे मागणे बरोबर नव्हे. कुणी जुनी आवृत्ती तबकडीवर जपून ठेवली, जशी आमच्या आजीने जुन्या दराची साखर डब्यात ठेवली होती. आमचे मत तेव्हाही होते ते आजही आहे: एका माणसाने इतकी वर्षे केलेल्या कामाचे मोल मागितले तर त्यात विश्वासघात नाही. राजाश्रय नसलेल्या माणसाने तिकीट लावणे हे आपल्याला सांगलीकरांनी शिकवायला हवे होते. आणि मुख्य म्हणजे, या वेळी कुणाचा सूत्रधार हरवला नाही. बरहमध्ये युनिकोडात लिहिलेले दुसऱ्या कशातही उघडत होते. ज्यांना पैसे द्यायचे नव्हते ते 'गमभन'कडे गेले, कुणी गूगलच्या साधनाकडे गेले, कुणी नाइलाजाने का होईना इन्स्क्रिप्ट शिकले. मजकूर प्रत्येकाबरोबर गेला. जुनी आवृत्ती धरून बसणाऱ्यांची अडचण वेगळी होती: मराठीला हवा असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, आणि त्याआधी गोठलेल्या साधनाला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. फुकट मिळालेली वस्तू गोठते, याचा विचार आपण क्वचित करतो.

मोठ्या कंपन्यांच्या फुकटाचे वर्तनही याच सुमारास पाहायला मिळाले. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून महाजालासाठी म्हणून काही टंक मोफत उतरवू दिले होते. ऑगस्ट २००२ मध्ये ती योजना बंद केली. देवनागरीसह बहुतेक लिप्या असलेला 'एरियल युनिकोड' हा टंकही काही काळ मोफत मिळे, तोही त्याच वर्षी मागे घेतला गेला आणि ऑफिस विकत घेणाऱ्यापुरता उरला. सन कंपनीने १९९९ मध्ये 'स्टारऑफिस' घेऊन ते मोफत वाटले आणि २००२ मध्ये त्याच्या सहाव्या आवृत्तीला दाम लावले. पण स्टारऑफिसची मूळ संहिता तिने २००० मध्येच 'ओपनऑफिस' म्हणून खुली केली होती. म्हणून दाम लागले त्याच महिन्यात त्याचे बिनदामी भावंडही बाजारात होते, आणि २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलने गिळल्यावर, आता पुढे काय या काळजीने, कार्यकर्त्यांनी तीच संहिता उचलून 'लिबरऑफिस' उभे केले. अळतेकर आणि इचलकरंजीकर मंडळ्यांची आठवण आम्हांला इथे होते. आपल्या सरकारच्या भाषातंत्रज्ञान विभागाने २००५ पासून भारतीय भाषांसाठी टंक आणि साधने यांच्या तबकड्या मोफत वाटल्या, आधी तमिळ, हिंदी, मग इतर भाषा. सरकारी वाटपाला लागणारा सगळा विलंब आणि सगळी अनास्था धरूनही ते काम मोलाचे होते.

या सगळ्याच्या उलट दिशेने गेलेली एक गोष्ट सातारा जिल्ह्यातच घडली. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. खंड सरकारी असले तरी विकत घ्यायचे होते. वजनदार, लाल-पिवळ्या पानांची वाट पाहणारे, आणि ग्रंथालयांत बहुधा 'बाहेर नेण्यासाठी नाही' अशा कपाटात. घरी विश्वकोश असणारा मराठी प्राध्यापक आम्ही पाहिला आहे, पण एकच. आता ते खंड सी-डॅकच्या साहाय्याने युनिकोडमध्ये येऊन महाजालावर सर्वांना विनामूल्य खुले आहेत. जत तालुक्यातल्या मुलाला भ्रमणध्वनीवर तर्कतीर्थांच्या मंडळाने लिहवून घेतलेली नोंद वाचता येते. हे फुकट मात्र कुठल्याही वस्तूच्या सोबत आलेले नाही. त्याची किंमत करदात्यांनी आणि वाईतल्या संपादकांच्या दोन-तीन पिढ्यांनी आधीच चुकती केलेली आहे, आणि अक्षरे अशा रूपात आहेत की संकेतस्थळ उद्या बंद पडले तरी ज्याने उतरवून घेतली त्याच्यापाशी ती वाचण्याजोगी राहतील. तरीही नोंदींतल्या टंकनाच्या चुका पाहून आमच्यातला जुना मुद्रितशोधक कळवळतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

साताऱ्याच्या स्नेह्यांना आम्ही शेवटी सांगितले, की वर्डपॅड विकत मिळत नाही, त्यासाठी झुरू नका. लिबरऑफिस उतरवून घ्या, तुमच्या जुन्या धारिका त्यात उघडतील. त्या उघडल्या. वीस वर्षांतली परीक्षणे, प्रश्नपत्रिका, 'ऱ्य' सकट. त्यांचे समाधान झाले, पण पूर्ण नाही. "हेही उद्या पैसे मागणार नाही ना?" त्यांनी विचारले. मागू शकेल, आम्ही म्हणालो. तुम्ही लिहिलेले ओलीस धरून मागू शकणार नाही, एवढेच.

आमच्या प्रबंधाची तबकडी अजून कपाटात आहे. वेगवेगळ्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारी साधने आता पुष्कळ आहेत, पण आमच्या दुकानदाराच्या साठ अक्षरांतले नेमके कोणते आम्ही वापरले होते हे त्यालाही आठवत नव्हते, आणि दुकानाच्या जागी आता चष्म्याचे दुकान आहे. विद्यापीठाला दिली तशी एक छापील, कापडी बांधणीची प्रत घरात होती. तिच्यावरून आम्ही तो प्रबंध पुन्हा टंकायला घेतला आहे. रोज दोन-तीन पाने होतात. सध्या तिसरे प्रकरण चालू आहे. चिंतामणराव नुकतेच वारले आहेत आणि भावे सांगली सोडण्याच्या तयारीत आहेत.